हट्टी बीपी आणि ताटभर औषधं

चार पाकिटं, दोन डब्या, एक पुडी, एक बाटली

शेजारच्या काकांना मी एवढंच म्हणालो होतो, की दिवसभरात औषध म्हणून जे जे पोटात जातं ते सगळं एका ताटात काढा. काकूंनी जेवणाचं स्टीलचं ताट घेतलं आणि ते पाच मिनिटांत भरलं. टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि क्लोर्थालिडोन ही बीपीच्या गोळ्यांची तीन पाकिटं. चौथं डायक्लोफेनॅकचं, कंबरदुखीवर, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं. मग गुडघ्यांसाठी योगराज गुग्गुळाची डबी. झोप लागावी म्हणून गावाकडच्या मेव्हण्याने दिलेली सर्पगंधा घनवटीची डबी. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली ज्येष्ठमधाच्या चूर्णाची पुडी, पित्तावर, सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा. सगळ्यात शेवटी अर्जुनारिष्टाची बाटली, ‘हृदयाला चांगलं’ म्हणून.

हे बजाजनगरातलं घर. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्यामागून सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आल्या आणि मराठवाड्याच्या गावागावांतून कामाला आलेल्या माणसांची ही वसाहत वाढत गेली. काका त्यातलेच. एका वर्कशॉपमध्ये रंगकाम करता करता पन्नाशी ओलांडली. पाळी बदलत राहते, एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा नाईट. त्या दिवशी त्यांचं बीपी १६४/९८ होतं.

“तीन तीन गोळ्या चालू आहेत, तरी ऐकत नाही बघ,” काका म्हणाले. चीनमध्ये म्हणे बीपीच्या गोळ्यांसोबत जडीबुटी देतात, तसं आपल्याकडे काही मिळतं का, हे विचारायला त्यांनी मला बोलावलं होतं. ताटातल्या बाकीच्या वस्तू डॉक्टरांना सांगितल्यात का, असं मी विचारलं. “त्यात काय सांगायचं? झाडपाल्याचं तर आहे.”

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर या वाक्यात दडलेलं होतं. झाडपाला आणि गोळी यांची जोड त्यांच्या पोटात कधीच जमली होती, फक्त ती कुणी लावून दिलेली नव्हती.

हट्टी कशाला म्हणायचं

वेगवेगळ्या जातींच्या तीन गोळ्या, त्यांत एक लघवी वाढवणारी, तिन्ही पुरेशा मात्रेत आणि रोज घेऊनही बीपी १४०/९० च्या खाली येत नसेल, तर वैद्यकशास्त्र त्याला दाद न देणारा रक्तदाब म्हणतं. अमेरिकी डॉक्टर ही रेघ १३०/८० वर ओढतात. चार गोळ्यांवर कसाबसा आटोक्यात राहणारा दाबही त्यातच धरतात.

पण हट्टी वाटणारं प्रत्येक बीपी हट्टी नसतं. गोळी चुकते, पगाराआधीच्या आठवड्यात पाकीट संपतं, दवाखान्यात डॉक्टर समोर आले की दाब आपोआप चढतो. दंड जाड आणि पट्टा लहान असला तरी आकडा फुगतो. जिना चढून आल्या आल्या, तंबाखूचा बार भरलेला असताना किंवा बोलता बोलता घेतलेल्या मोजणीवर तर मुळीच विसंबू नये. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटं गप्प बसावं, हात छातीच्या उंचीवर ठेवावा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावं. नाईटवाल्याने ड्युटीवरून आल्या आल्या नव्हे, झोप झाल्यावर मोजावं.

एवढं करूनही आकडा खाली येत नसेल तर कारण शोधायचं. मूत्रपिंडाचा आजार, मूत्रपिंडाच्या वरच्या अधिवृक्क ग्रंथीतून जास्त पाझरणारं अल्डोस्टेरॉन, झोपेत श्वास अडकणं. घोरणाऱ्या माणसाची आपण चेष्टा करतो, पण रात्री घोरता घोरता श्वास थांबणं हे न ऐकणाऱ्या बीपीचं फार नेहमीचं कारण आहे. आणि मग राहतात ताटातल्या वस्तू. काकांचं डायक्लोफेनॅक हा पहिला संशयित होता. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवतात आणि बीपीच्या गोळ्यांची धार बोथट करतात. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तिघं एकत्र आली तर मूत्रपिंडालाही धोका. अ‍ॅलोपॅथीच्या गोळीवर अ‍ॅलोपॅथीचीच गोळी उलटते, हे आधी मान्य करू. दोष एकट्या झाडपाल्याचा नाही.

केईएममधली मुळी, बीजिंगमधली गोळी

चीनकडे जाण्याआधी मुंबईत परळच्या केईएमला जावं लागतं. सर्पगंधा, मराठीत हरकी किंवा अडकई, या झुडपाची मुळी आपल्याकडे झोपेसाठी, वेडाच्या झटक्यांवर आणि सापाच्या विषावर वापरत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते असं नोंदवलं. पण जगाने दखल घेतली ती मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या लेखाची. केईएम रुग्णालयातल्या या हृदयतज्ज्ञाने पन्नास रुग्णांवर मुळीच्या गोळ्या वापरल्या, किती दिवसांत किती दाब उतरला आणि कुणाला काय त्रास झाला याची नोंद ठेवली, आणि १९४९ मध्ये ती ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापली. तीनच वर्षांत, १९५२ साली, स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढे अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी माजी सैनिकांवर जो मोठा प्रयोग केला, ज्याने बीपी उतरवल्यावर पक्षाघात आणि मृत्यू कमी होतात हे पहिल्यांदा नीट सिद्ध झालं, त्यात दिलेल्या तीन औषधांपैकी एक रेसर्पिन होतं. १९६७ आणि १९७० साली त्याचे निष्कर्ष आले. म्हणजे बीपीची गोळी आयुष्य वाढवते हा आजचा विश्वास ज्या पायावर उभा आहे, त्या पायात आपल्या जंगलातली मुळी आहे.

आणि आता चीन. तिथे ‘बीजिंग शून्य क्रमांक’ नावाने ओळखली जाणारी बीपीची एक स्वस्त गोळी आहे. तिच्यात चार औषधं असतात: हायड्रोक्लोरोथायझाइड, ट्रायअ‍ॅम्टेरीन, डायहायड्रालाझिन आणि ०.१ मिलिग्रॅम रेसर्पिन. काका ज्या चिनी जोडणीची चौकशी करत होते, तिच्यातलं हे जगजाहीर उदाहरण भारतीय मुळीपासून सुरू होतं. फक्त चिन्यांनी मुळी काढ्यात टाकली नाही, तिच्यातलं द्रव्य मोजून गोळीत घातलं.

चीनमध्ये काढेही देतात. तियानमा गौतेंग यिन हा काढा प्रसिद्ध आहे, तो बीपीच्या गोळीसोबत देऊन पाहिलेले प्रयोग पुष्कळ आहेत आणि बरेचसे निष्कर्ष काढ्याच्या बाजूचे आहेत. मी त्यावर फारसा भाळत नाही. बहुतेक प्रयोग लहान, काही आठवड्यांचे, आणि कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही डॉक्टरालाही ठाऊक असलेले. बीपीसारख्या गोष्टीत, जिथे नुसत्या धीर देण्यानेही आकडा पाच-सात अंकांनी उतरतो, तिथे असला पुरावा हलका ठरतो.

ज्येष्ठमध

ताटात मला सगळ्यात जास्त खटकली ती पुडी. काकू ती सोडून दाखवत होत्या: फिकट पिवळं, किंचित तंतूदार चूर्ण, बोटाला लागलेलं जिभेवर ठेवलं तर आधी माती, मग बराच वेळ न जाणारा गोडवा. त्या गोडव्याचं नाव ग्लिसरायझिन. चिनी काढ्यांतही हीच मुळी असते, गानत्साओ नावाने. तिथले वैद्य ती इतक्या नुस्ख्यांत घालतात की तिला सगळ्या औषधांची मध्यस्थ मानतात.

मूत्रपिंडात मीठ अडवायचं की सोडायचं हे अल्डोस्टेरॉन ठरवतं. ते जिथे जाऊन बसतं त्या जागेवर कॉर्टिसॉललाही बसता येतं, आणि कॉर्टिसॉल रक्तात कितीतरी पटींनी जास्त असतं. त्याला तिथे येऊ न देण्यासाठी दारात एक विकर पहाऱ्याला असतं. ग्लिसरायझिन या पहारेकऱ्याला झोपवतं. मग कॉर्टिसॉल आत घुसतं, मीठ अडतं, पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं आणि बीपी चढतं. रक्त तपासलं तर अल्डोस्टेरॉन उलट कमीच सापडतं, त्यामुळे माहीत नसलेला डॉक्टर बुचकळ्यात पडतो.

स्वीडनच्या लिनशॉपिंगमध्ये २०२४ साली निरोगी तरुणांना दोन आठवडे रोज १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिन मिळेल एवढा ज्येष्ठमध खायला दिला. वरचं बीपी सरासरी तीन अंकांनी वाढलं. तीन म्हणजे थोडंच, असं वाटेल. पण ती विशी-तिशीची निरोगी पोरं होती, आणि १०० मिलिग्रॅम ही आजवर सुरक्षित समजली गेलेली मात्रा. चूर्णात शेकडा तीन-चार भाग ग्लिसरायझिन धरलं, तर तीन ग्रॅमच्या एका चमच्यात साधारण तेवढं येतं. काका दोन चमचे घेत होते, वर्षभर. त्यात क्लोर्थालिडोन ही लघवीची गोळी, जी स्वतःच पोटॅशियम घालवते.

“काका, पोटऱ्यांत गोळे येतात का?” मी विचारलं. काकूच बोलल्या, “रोज रात्री. मी तेल लावून चोळते.”

गंमत अशी, की दाद न देणाऱ्या बीपीवर चौथी गोळी कोणती चांगली, हे पाहणारा ‘पाथवे-२’ नावाचा ब्रिटिश प्रयोग २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आला आणि त्यात स्पायरोनोलॅक्टोन सरस ठरलं. ते औषध नेमकी तीच जागा अडवतं जी ज्येष्ठमध उघडून देतो. पुडी न पाहता डॉक्टरांनी चौथी गोळी दिली असती तर काका एका हाताने नळ सोडत आणि दुसऱ्या हाताने बंद करत राहिले असते.

विड्यातल्या ज्येष्ठमधाच्या काडीने कुणाचं बीपी वाढत नाही. खोकल्याला दोन दिवस तुकडा चघळला तरी काही बिघडत नाही. प्रश्न रोजच्या चमच्याचा आहे.

गुग्गुळ खाली ओढतो, पिंपळी वर ढकलते

वनस्पती आणि गोळी एकत्र घेतल्यावर काय होतं, याचा एक छान नमुना पुन्हा केईएममधलाच आहे. तिथे डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्या पुढाकाराने आयुर्वेदावर आधुनिक पद्धतीने संशोधन सुरू झालं. झाडाफुलांवर मराठीत सुंदर लिहिणाऱ्या त्याच या डॉक्टर. याच केईएममधल्या औषधशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये निरोगी माणसांना गुगुलिपिड, म्हणजे गुग्गुळाचा अर्क, एक ग्रॅम देऊन सोबत प्रोप्रॅनोलॉल किंवा डिल्टियाझेम हे बीपीचं औषध दिलं. दोन्ही औषधांची रक्तातली पातळी ठळकपणे घसरली. गोळी तेवढीच, पण शरीरात पोचली कमी.

त्याआधी १९९१ मध्ये भारतीय संशोधकांनीच पिंपळी-मिऱ्यातल्या पायपरिनचा प्रयोग केला होता. सात दिवस रोज २० मिलिग्रॅम पायपरिन घेतल्यावर तेच प्रोप्रॅनोलॉल रक्तात जास्त आलं. एकाच गोळीला आपल्या स्वयंपाकघर-औषधघरातली एक वस्तू खाली ओढते आणि दुसरी वर ढकलते. योगराज गुग्गुळ म्हणजे तो अर्क नव्हे, आणि काकांच्या ताटात प्रोप्रॅनोलॉल नव्हतं, त्यामुळे हा निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ‘सोबत घेतलं तर काय बिघडतं’ याचं उत्तर त्यात आहे. औषधानुसार, मात्रेनुसार, काहीही होऊ शकतं, आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही.

बाकीचं ताट

सर्पगंधा खरोखर बीपी उतरवते, म्हणूनच ती जपून घ्यायची. नाक चोंदतं, गुंगी येते, नाडी मंदावते, आणि मन खचलेल्या माणसाला तर ती देऊच नये. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या नाडी मंद करणाऱ्या गोळ्यांसोबत ती घेतली तर नाडी फारच उतरू शकते. मुळीतलं द्रव्य प्रत्येक खेपेला सारखं नसतं, त्यामुळे या महिन्याची डबी आणि पुढच्या महिन्याची डबी एकच औषध आहे असं धरता येत नाही. जंगलातून मुळ्या उपटून उपटून ही वनस्पती दुर्मीळ झाली आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, तेव्हा स्वस्त डबीत नेमकं काय आहे हा प्रश्न आणखी टोकदार होतो.

अर्जुनारिष्टात गूळ असतो आणि आंबवल्याने आपोआप तयार झालेलं मद्य असतं. साखरेचा आजार असलेल्याने आणि दारू सोडलेल्याने हे लक्षात ठेवावं. लसणाने बीपी थोडं उतरतं, पण रोज पाकळ्या गिळणाऱ्याने अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावं. पुनर्नवा, गोखरू यांनी लघवी वाढते, लघवीच्या गोळीच्या परिणामात त्यांची भर पडते.

सैंधव बीपीला चालतं, हा समज तर घरोघरी आहे. सैंधव हेही मीठच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, त्यात शेंदेलोण धरलेलं आहे, आणि ठेच्यातलं, पापडातलं, डब्याबरोबरच्या लोणच्यातलंही. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. ते बऱ्याच लोकांना उपयोगी पडतं, पण टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने आणि मूत्रपिंड अधू असलेल्याने परस्पर सुरू करू नये.

डबीवर न छापलेलं

ब्रुसेल्समध्ये १९९० च्या सुमारास वजन उतरवण्याच्या एका दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात. एका वनस्पतीच्या जागी नावात साम्य असलेली दुसरीच आली, अ‍ॅरिस्टोलोकिया जातीची. शंभरहून अधिक लोकांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं बिघडली, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्याच जातीची वेल आपल्याकडे ईश्वरी किंवा सापसन नावाने ओळखली जाते. मूत्रपिंड बिघडलं की बीपी कशालाच जुमानत नाही, म्हणून ही गोष्ट इथे.

२००४ साली बॉस्टनच्या दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक धोकादायक प्रमाणात निघालं. शिशानेही बीपी वाढतं. आणि काही चूर्णांत चक्क अ‍ॅलोपॅथीची गोळी कुटून मिसळलेली सापडते, सांधेदुखीच्या पुडीत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक. ज्या पुडीने दुसऱ्याच दिवशी गुडघे मोकळे होतात, तिच्याबद्दल संशय धरावा.

सांगायचं कुणाला

आपल्या वस्त्यांतल्या पुष्कळ दवाखान्यांत बीएएमएस डॉक्टर बसतात आणि ते अ‍ॅम्लोडिपिन लिहून देतात. १९९० च्या दशकातल्या सरकारी आदेशांनी महाराष्ट्रात त्यांना तशी मुभा आहे. यावर वाद घालणारे घालोत. मला त्यात एक सोय दिसते: सर्पगंधा आणि अ‍ॅम्लोडिपिन ही दोन्ही नावं ज्याने अभ्यासली आहेत असा माणूस गल्लीतच आहे. पण त्याला तीनच पाकिटं दाखवली तर त्याचाही इलाज नाही.

तपासण्या फार महाग नाहीत. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, एक ईसीजी. ईएसआयचं कार्ड असेल तर त्यांच्या दवाखान्यात, नसेल तर घाटी या सरकारी रुग्णालयात. पोटॅशियम उगाचच कमी आलं तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिनची तपासणी सुचवली जाईल, त्याआधी ज्येष्ठमधाची गोष्ट सांगायची.

एक मात्र करू नये. काढा सुरू केला म्हणून गोळी परस्पर सोडू नये. अ‍ॅटेनोलॉल, क्लोनिडिन यांसारख्या गोळ्या एकदम तोडल्या तर बीपी उसळी मारून आधीपेक्षा वर जातं. झाडपाल्याने माणसं दगावतात त्यापेक्षा झाडपाल्याच्या भरवशावर गोळी सोडल्याने जास्त दगावत असावीत, असं माझं मत आहे.

पुन्हा ताट

काकूंनी ताटाचा फोटो काढला आणि काका तो घेऊन डॉक्टरांकडे गेले. पोटॅशियम ३.१ आलं, साडेतीनच्या वर असायला हवं होतं. डॉक्टरांनी तिन्ही गोळ्या तशाच ठेवल्या. डायक्लोफेनॅक आणि ज्येष्ठमध बंद. सर्पगंधाही बंद, कारण झोप न लागण्याचं मूळ पाळीत आणि घोरण्यात होतं. गुग्गुळ तूर्त थांबवला. ज्येष्ठमधाचा असर उतरायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात आकडा हलला नाही आणि काका वैतागले. “सगळं सोडलं, तरी तेच.” सहाव्या आठवड्यात घरच्या मशीनवर १३८/८६ दिसलं. पोटऱ्यांतले गोळे त्याआधीच थांबले होते.

पित्त अजून आहे. त्यावर काय घ्यायचं ते या महिन्याच्या खेपेला विचारायचं ठरलंय. झोपेत श्वास अडकतो का याची तपासणी बाकी आहे, तिला काका तयार नाहीत, कारण रात्रभर नाकाला नळी लावून झोपायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. मेव्हण्याने गावाकडून नवी डबी पाठवली आहे. काकूंनी ती उघडलेली नाही, तिचाही फोटो काढून ठेवला आहे.